वाघ केशरी आहे, पण कुणासाठी?

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की निम्मं नागपूर पेंच, ताडोबा, उमरेड-कऱ्हांडला नाहीतर बोरच्या वाटेला लागतं. आणि जिप्सीत बसलेलं एखादं पोरगं हमखास विचारतं, “एवढा भडक केशरी वाघ, हरणाले दिसत नाही का?” मोठी माणसं ठरलेलं उत्तर देतात: पट्टे असतात ना बाप्पा, गवतात मिसळून जाते तो. हे उत्तर चूक नाही, पण अर्धं आहे. मे महिन्यातल्या वाळलेल्या, सोनेरी गवतात ते पटतं. पावसाळ्यानंतर पार्क उघडतात तेव्हा सगळं रान हिरवंगार असतं, आणि तिथे केशरी वाघ आपल्या डोळ्यांना लांबूनच टोचतो. तरीही त्या दिवसांत वाघाला शिकार मिळते. म्हणजे नुसत्या गवताच्या रंगावर भागत नाही.

उरलेलं अर्धं उत्तर चितळाच्या डोळ्यात आहे. कोण किती लपलंय हे लपणाऱ्याच्या अंगावर पाहून ठरवता येत नाही. बघणारा कोण आहे, हे आधी विचारावं लागतं. आपली चूक अशी होते की सगळ्या जंगलाचे पंच आपण स्वतःच होऊन बसतो.

डोळ्याच्या आत, मागच्या पडद्यावर प्रकाश टिपणाऱ्या दोन तऱ्हेच्या पेशी असतात. दंडपेशी मंद उजेडात काम करतात आणि त्यांना रंगाशी देणंघेणं नसतं. शंकूपेशी भरपूर उजेडात काम करतात आणि रंग कळतो तो त्यांच्यामुळे. माणसाच्या डोळ्यात शंकूपेशी तीन प्रकारच्या आहेत. एक प्रकार सुमारे ४२० नॅनोमीटरच्या (प्रकाशाच्या लहरीची लांबी मोजायचं माप), म्हणजे जांभळट निळ्या प्रकाशाला सर्वात जास्त प्रतिसाद देतो, दुसरा ५३० च्या आसपासच्या हिरव्याला आणि तिसरा ५६० च्या आसपास. या तिसऱ्याला लोक ‘लाल’ शंकू म्हणतात. खरं तर तो पिवळट हिरव्यावर सर्वात जास्त तापतो, पण लाल प्रकाश टिपण्यात बाकी दोघांपेक्षा पुढे असतो.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. एकट्या शंकूपेशीला रंग कळत नाही. बाजारातल्या वजनकाट्यावर दोन किलो दिसलं म्हणजे पिशवीत संत्री आहेत की कांदे, हे काटा सांगत नाही. तसंच शंकूपेशी फक्त ‘इतका प्रकाश मिळाला’ एवढंच कळवते. थोडा हिरवा प्रकाश आला काय किंवा जास्त नारिंगी आला काय, आकडा सारखाच येऊ शकतो. रंग ठरतो तो दोन-तीन वेगवेगळ्या प्रकारच्या शंकूंचे आकडे मेंदू शेजारी शेजारी ठेवून ताडून बघतो तेव्हा. जितके प्रकार जास्त, तितकी ताडून बघण्याची सोय जास्त.

हरणांकडे प्रकार दोनच आहेत. पांढऱ्या शेपटीचं अमेरिकन हरीण आणि युरोपातलं फॅलो हरीण यांच्या डोळ्यांची मोजणी १९९४ साली प्रसिद्ध झाली. त्यांचा एक शंकू ४५५ नॅनोमीटरच्या आसपास निळ्यावर आणि दुसरा ५४० च्या आसपास हिरव्यावर काम करतो. आपलं चितळ आणि सांबर त्याच कुळातले. गाय, शेळी, मेंढी यांच्याही डोळ्यात दोनच प्रकार निघाले. (लाल कपडा बघून बैल उधळतो, ही समजूत म्हणूनच निकालात काढायला हरकत नाही. बैलाला कपडा लाल दिसतच नाही, तो बिचकतो कपड्याच्या फडफडीला.)

आता काटोल किंवा नरखेडकडच्या एखाद्या संत्र्याच्या बागेत चला. आंबिया बहाराची फळं पिकायला आली आहेत. गर्द हिरव्या पानांत केशरी फळं, आणि बांधावरूनच मोजता येतील इतकी उठून दिसणारी. ती उठून दिसतात याचं कारण काय? पान निळा प्रकाश गिळतं, हिरवा बऱ्यापैकी परत पाठवतं आणि लाल पुन्हा गिळतं. संत्र्याची सालही निळा गिळते, पण पिवळा, नारिंगी आणि लाल मोकळ्या हाताने परत पाठवते. पानाच्या बाबतीत आपला हिरवा शंकू आणि लाल शंकू जवळपास सारखं बोलतात. संत्र्याच्या बाबतीत लाल शंकू हिरव्याच्या बराच पुढे जातो. हा जो दोघांमधला फरक, तोच म्हणजे केशरी रंग.

त्याच बागेच्या बांधावर संध्याकाळी सांबर येऊन उभं राहिलं तर? त्याचा निळा शंकू पानाकडे बघून गप्प, संत्र्याकडे बघूनही गप्प, कारण दोन्हींतून निळा येतच नाही. राहिला एकटा हिरवा शंकू. त्याला पानातून काहीएक प्रकाश मिळतो, संत्र्यातूनही मिळतो, आणि ताडून बघायला शेजारी दुसरं कोणी नाही. फार तर एक वस्तू जरा उजळ, दुसरी जरा काळपट, एवढाच फरक उरतो. आणि असा उजळ-काळपट फरक तर पानापानांतही असतो: एक पान उन्हात, एक सावलीत, एक कोवळं, एक जून. संत्रं त्या गर्दीत हरवतं.

संत्र्याच्या जागी वाघ ठेवा, गणित तेच.

ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ साली हे तपासून पाहिलं. वेगवेगळ्या रंगांच्या वस्तू रानाच्या चित्रांत दडवून माणसांना शोधायला दिल्या. काही चित्रं आपल्याला दिसतात तशी, काही दोन शंकूंच्या प्राण्याला उरेल तेवढीच रंगांची माहिती ठेवून. दोन शंकूंच्या चित्रांत लपलेली वस्तू सापडायला लोकांना जास्त वेळ लागला. वाघाचा केशरी रंग आपल्याला भडक वाटला तरी दोन शंकूंच्या नजरेपासून लपायला का चालतो, हे त्यातून कळायला मदत झाली.

तेव्हापासून मोबाईलवर एक चित्र फिरत असतं, ‘हरणाला वाघ असा दिसतो’ म्हणून हिरवागार रंगवलेला वाघ. ते जरा जपून घ्यावं. चितळाच्या मनात ‘हिरवं’ कसं उमटतं हे कोणालाच माहीत नाही, आणि माहीत होण्याचा मार्गही नाही. खात्रीने म्हणता येतं ते इतकंच की पानाचा रंग आणि वाघाचा रंग यांत त्याला फरक करता येत नाही. दोन्ही हिरवे, दोन्ही पिवळट की दोन्ही आणखी काही, हा प्रश्न गैरलागू आहे.

विदर्भातल्या जंगलाकडे या नजरेने पाहिलं की वाघाच्या कातड्याचं खरं कौतुक कळतं. आपलं रान पानगळीचं. साग फेब्रुवारी-मार्चपर्यंत उघडा पडतो, गवत आधी पिवळं मग भुरकट होतं, मधेच पळस पेटतो, आणि मृगाचा पाऊस पडला की पंधरवड्यात सगळं हिरवं. वर्षात दोन टोकाचे रंग. बर्फाळ प्रदेशातला ससा हिवाळ्यात पांढरा आणि उन्हाळ्यात तपकिरी होतो, तसं दर ऋतूला कातडं बदलणं वाघाला जमत नाही. आणि गरजही नाही. कारण हिरवं गवत, वाळलेलं गवत आणि केशरी कातडं, हे तिन्ही चितळाच्या नजरेत एकाच पट्ट्यात येऊन पडतात. आपल्याला मे आणि ऑक्टोबर ही दोन वेगळी जंगलं वाटतात. चितळाला रंगाच्या हिशेबात ती बरीचशी सारखीच. एकच कोट बारमाही चालतो.

रंग असा बाजूला पडला की उरतं उजेड-सावलीचं काम, आणि ते पट्टे करतात. डोळा वस्तू ओळखतो ती मुख्यतः तिच्या कडेवरून: पाठीची रेघ, पोटाची रेघ, मानेचा बाक. वाघाचे काळे पट्टे या कडांना आडवे छेद देतात. त्यामुळे एक मोठा प्राणी दिसण्याऐवजी उभ्या उजळ-काळ्या चिरफळ्या दिसतात, आणि तशा चिरफळ्या बांबूच्या बेटात किंवा उंच गवतात हजारो असतात. शिवाय खुरवाल्या प्राण्यांची नजर आपल्याइतकी बारीक नाही. लांबवरचा तपशील त्यांना आपल्यापेक्षा पुसट दिसतो. त्याच्या मोबदल्यात डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे मागचंही बरंच दिसतं, आणि हालचाल तर चटकन कळते. म्हणून वाघ चार पावलं टाकतो आणि थिजतो. रंग आणि पट्टे मिळून त्याला जे देतात ते स्थिर असेपर्यंतच. हलला की खेळ संपला.

मग वाघ सरळ हिरवाच का झाला नाही? कारण सस्तन प्राण्यांच्या केसांत हिरवा रंग बनवायची सोयच नाही. केसांना रंग देणारी द्रव्यं दोनच: एक काळं-तपकिरी मेलॅनिन, दुसरं तांबूस-पिवळं मेलॅनिन. या दोघांच्या मिश्रणातून उंदरापासून अस्वलापर्यंत सगळे रंग निघतात, हिरवा निघत नाही. दक्षिण अमेरिकेतला स्लॉथ हिरवट दिसतो, पण तो त्याच्या केसांत वाढणाऱ्या शेवाळाचा प्रताप. वाघाला उपलब्ध रंगांतून जो मिळाला तो पानांशी जुळत नव्हता, पण ज्यांच्यापासून लपायचं त्यांना ते कळत नव्हतं. काम भागलं.

उलट बाजूने विचारता येईल की हरणांनी तिसरा शंकू का नाही कमावला? वाघाच्या भीतीने तर तो कधीच यायला हवा होता. याची गोष्ट फार मागे जाते. डायनासोरांच्या काळात आपले सस्तन पूर्वज लहान आणि रात्री वावरणारे होते. अंधारात शंकूंचा उपयोग नाही, म्हणून त्यांचे काही प्रकार गळून गेले आणि बहुतेक सस्तनांकडे दोनच उरले. आफ्रिका-आशियातल्या माकडांच्या पूर्वजांत तीन-चार कोटी वर्षांपूर्वी एका शंकूच्या जनुकाची जादा प्रत तयार झाली, ती थोडी बदलली, आणि तिसरा प्रकार मिळाला. आपण त्याच वंशातले. पण अशी प्रत तयार होणं हा अपघात असतो, मागणी केली म्हणून तो घडत नाही. पिकलेली फळं आणि तांबूस कोवळी पालवी शोधणाऱ्या माकडांना तो अपघात रोज उपयोगी पडला म्हणून टिकला. गवत खाणाऱ्याला गवत कोणत्याही डोळ्यांनी सापडतं.

यातली गंमत अशी की खुद्द वाघही दोन शंकूंचाच. मांजराच्या डोळ्यांत ४५० आणि ५५५ नॅनोमीटरच्या आसपासचे शंकू सापडले आहेत, आणि वाघ त्याच घराण्यातला. आपण केशरी आहोत याचा वाघाला पत्ता नाही. आणि चितळाचं ते सुंदर तांबूस कातडं, ज्याचे आपण फोटो काढत सुटतो, तेही वाघाच्या नजरेत हिरव्या झुडपापासून रंगाने वेगळं पडत नाही. वरचे पांढरे ठिपके पानांतून झिरपणाऱ्या उन्हासारखे दिसतात ते वेगळंच. रानकुत्र्यांचंही तसंच असावं. कुत्र्याच्या डोळ्यात दोनच शंकू आहेत, मग विटकरी अंगाचे रानकुत्रे एकमेकांना विटकरी कसे दिसतील? थोडक्यात, आपल्या जंगलातले शिकारी आणि त्यांची खुरवाली शिकार एकाच उणिवेचा फायदा एकमेकांविरुद्ध घेत आहेत.

हे सगळं ज्याला लागू नाही, असा एक प्राणी मात्र झाडावर बसलेला असतो: वानर. काळ्या तोंडाचं, लांब शेपटीचं. त्याचे शंकू आपल्यासारखेच तीन. हिरव्या रानातला केशरी वाघ वानराला केशरीच दिसतो.

पेंचमधल्या गाईडशी बोलत बसलात तर ऐकायला मिळेल, “वानराचा कॉल पक्का असते, चितळाचा कधी कधी फुसका निघते.” चितळ कुठल्याही संशयास्पद हालचालीला कुईक करून मोकळं होतं, वानर खोकल्यासारखं खाकरायला लागलं की ड्रायव्हर गाडी वळवतो. याचं मुख्य कारण उंची, हे उघड आहे. वीस-तीस फुटांवरून गवतात दडलेलं सगळं दिसतं. पण उंचीच्या जोडीला रंगही असणार, असं मला वाटतं. वरून बघताना पट्ट्यांची ती उभी फसवणूक गवताशी तितकी जुळत नाही, आणि हिरव्यावरचा केशरी तर वानराला आयताच मिळतो. चितळं वानरांच्या झाडाखाली घुटमळताना दिसतात. वरून पडणारी पानं-फळं खायला मिळतात, आणि तीन शंकूंचा पहारेकरीही फुकट मिळतो.

मग बिबट्याचं कसं, तो तर वानरं मारून खातो? तो बराचसा रात्री नाहीतर झुंजुमुंजूला काम उरकतो, आणि तेव्हा तीन शंकू असले काय आणि दोन असले काय. उजेड कमी झाला की शंकूपेशी आपोआप निवृत्त होतात आणि दंडपेशींचं राज्य सुरू होतं. चांदण्यात आपल्यालाही साडीचा रंग सांगता येत नाही. वाघाचीही बरीचशी शिकार संध्याकाळ, रात्र आणि पहाट याच वेळेत होते. त्यामुळे ‘केशरी वाघ हरणाला हिरवा दिसतो म्हणून जगतो’ हे वाक्य जितक्या उत्साहाने सांगितलं जातं तितकं खरं नाही. रंगाची ही सवलत दिवसाउजेडी कामाला येते. रात्री पट्टे, सावली आणि चोरपावलं पुरतात.

पांढऱ्या वाघाचा विषय यात निघतोच. त्याच्यात तांबूस-पिवळं मेलॅनिन तयार होत नाही. पांढरा रंग निळा प्रकाशही परत पाठवतो, त्यामुळे चितळाचा निळा शंकू जागा होईल आणि असा वाघ त्याला पानांपासून वेगळा दिसेल. गणित तरी असंच सांगतं. पण रीवाच्या जंगलात एकेकाळी पांढरे वाघ रानातच वाढून मोठे झालेले आहेत. म्हणजे हा तोटा असला तरी दरवेळी जीवघेणा नसावा. रात्रीचा मुद्दा इथेही आडवा येतो.

सस्तनांना सोडून पक्ष्यांकडे वळलं की सगळे नियम बदलतात. बहुतेक दिवसा वावरणाऱ्या पक्ष्यांकडे शंकूंचे चार प्रकार आहेत. चौथा जांभळ्याच्या पलीकडे, काही पक्ष्यांत थेट अतिनील प्रकाशात काम करतो. शिवाय त्यांच्या बहुतेक शंकूंत तेलाचा एक रंगीत थेंब असतो, तो गाळणीचं काम करून रंगांमधला फरक अजून धारदार करतो. अशा डोळ्यासमोर केशरी रंगाची लबाडी एक क्षणही टिकायची नाही.

म्हणून हरणटोळ बघा. सेमिनरी हिल्सच्या झुडपांत असो की घरामागच्या मेंदीच्या कुंपणात, हा सडपातळ साप पानासारखा खराखुरा हिरवा असतो. त्याचं खाणं म्हणजे सरडे, पाली, लहान पक्षी. त्याला मारणारे शिक्रा आणि सर्पगरुड. यातल्या बहुतेकांची रंगाची नजर तुमच्या-माझ्यापेक्षा तेज. तिथे ‘साधारण हिरव्यासारखं’ चालत नाही, हिरवंच असावं लागतं. पिंपळाच्या शेंड्यावर बसलेला पोपटांचा थवा ओरडला नाही तर दिसत नाही, त्याचंही कारण हेच: त्यांना शिक्र्याच्या डोळ्यांत धूळ फेकायची असते. झाडावरचे साप आणि पक्षी हिरवे होऊ शकले, कारण त्यांच्याकडे खवल्या-पिसांतून हिरवा साकारायची सोय होती. आणि त्यांना तसं व्हावंही लागलं, कारण समोरचा डोळा कडक होता.

पळस नेमका याच्या उलट वागतो. त्याला लपायचं नाही, बोलावणं धाडायचं आहे, तेही पक्ष्यांना. लालभडक केशरी रंग मधमाशीला फारसा कळत नाही, पक्ष्याला मैलभरावरून कळतो. फुलं पेटलेल्या पळसावर मैना, कोतवाल आणि शिंजीर यांची झुंबड उडते ती उगाच नाही.

सर्वात अवघड परीक्षा असते ती एकाच वेळी अनेक डोळ्यांना फसवण्याची. टिटवीची अंडी घ्या. मिहानकडच्या मोकळ्या जागेत किंवा नांगरून ठेवलेल्या वावरात टिटवी जमिनीवरच घालते. काड्यांचं घरटं नाही, चार खडे सरकवून केलेला नुसता खळगा. मातकट अंगावर काळे, तपकिरी ओबडधोबड डाग. (चार अंडी म्हणजे चार महिने पाऊस, हा हिशोब आपल्याकडचे जुने शेतकरी अजून मांडतात.) त्या अंड्यांवर टपलेले असतात चार शंकूंचा कावळा, दोन शंकूंचा मुंगूस, शिवाय तीन शंकूंचं माणसाचं पोर. कावळ्यासाठी रंग तंतोतंत मातीसारखा हवा. मुंगसासाठी रंगात थोडी उणीव खपते, पण डागांचा आकार आणि उजेड-काळोखाची जुळणी चोख हवी.

झांबियात जमिनीवर घरटी करणाऱ्या रातवे, टिटव्या-चिखल्या अशा पक्ष्यांवर असाच अभ्यास झाला आणि २०१६ साली प्रसिद्ध झाला. संशोधकांनी घरट्यांचे अतिनीलसकट फोटो घेतले आणि ते पक्षी, मुंगूस व माकड अशा वेगवेगळ्या शिकाऱ्यांच्या नजरेतून मोजले. परिसराशी ज्यांची जुळणी चांगली, ती घरटी जास्त टिकली. ‘ज्याचं लपणं चांगलं तो वाचतो’ हे कुणालाही वाटेल. पण खऱ्या रानात, खऱ्या शत्रूच्या डोळ्यांनी मोजून दाखवलं गेलं, हे त्या कामाचं मोल.

अतिनीलचा विषय निघालाच आहे तर खेकडा कोळ्याकडे जायला हवं. हा जाळं विणत नाही. पुढचे दोन-दोन लांब पाय खेकड्यासारखे पसरून फुलावर बसतो आणि मध प्यायला येणारी माशी धरतो. पांढऱ्या फुलावर पांढरा, पिवळ्यावर पिवळा. आपल्या बागेत शेवंतीवर बसलेला असला तर नाक टेकवेपर्यंत दिसत नाही, आणि आपण म्हणतो, काय बेमालूम लपलाय! पण मधमाशीकडेही शंकूंसारखे तीन प्रकार आहेत: अतिनील, निळा आणि हिरवा. ऑस्ट्रेलियातल्या एका खेकडा कोळ्याचं अंग अतिनील प्रकाश जोरात परत पाठवतं, आणि ज्या डेझीच्या फुलावर तो बसतो त्या पाकळ्या तसं करत नाहीत. म्हणजे आपल्याला अदृश्य असलेला कोळी मधमाशीला ठळक दिसतो. तिने टाळायला हवं ना? २००३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात उलट निघालं. मधमाश्यांना कोळी बसलेली फुलंच जास्त आकर्षक वाटली. आपण ज्याला लपणं समजत होतो ती मुळात जाहिरात होती! युरोपातल्या खेकडा कोळ्यांचं गणित पुन्हा वेगळं, ते अतिनील असं परतवत नाहीत. तेव्हा आपल्या शेवंतीवरचा कोळी नेमका कोणता डाव खेळतोय, हे अतिनील कॅमेऱ्याशिवाय सांगू नये.

काही प्राणी तर बघणारा कोण आहे हे पाहून अंग बदलतात. दक्षिण आफ्रिकेतल्या एका बुटक्या शॅमेलिऑनसमोर संशोधकांनी कधी पक्षी ठेवला, कधी साप. २००८ सालच्या त्या अभ्यासात शॅमेलिऑनने पक्ष्यासमोर फांदीशी रंग जास्त बारकाईने जुळवला, सापासमोर कमी. सापाची रंगाची नजर पक्ष्याहून उणी, तिथे तेवढी मेहनत कशाला!

यावरून ‘शंकू जास्त तर नजर भारी’ असं वाटायला लागतं. तसंही नाही. रंगाची माहिती कधी कधी डोळ्याला भुलवतेही. ज्यांना लाल-हिरवा फरक नीट कळत नाही अशी माणसं (युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे ८ टक्के) घेऊन १९९२ साली एक प्रयोग झाला. चित्रात वेगळ्या पोताचा, म्हणजे वेगळ्या ठेवणीचा, एक तुकडा दडवलेला, आणि त्यावर लाल-हिरव्या रंगांची खिचडी केलेली. नेहमीच्या नजरेची माणसं रंगांच्या गोंधळात अडकली. रंगांधळ्यांना तो गोंधळ दिसतच नव्हता, त्यांनी तुकडा ओळखला. कोस्टा रिकातल्या कॅपुचिन माकडांत हेच रानात पाहायला मिळालं. त्यांच्यात सगळे नर आणि काही माद्या दोन शंकूंच्या असतात, बाकीच्या माद्या तीन शंकूंच्या. पानासारख्या, सालीसारख्या दिसणाऱ्या लपलेल्या किड्यांच्या बाबतीत दोन शंकूवाली माकडं सरस ठरल्याचं २००७ सालच्या अभ्यासात निघालं. तेव्हा तुमच्या जिप्सीत कुणी रंगांधळा मित्र असेल तर केशरी वाघ शोधायला त्याला जरा उशीर लागेल, पण सालीला चिकटलेला रातवा कदाचित तोच आधी दाखवेल.

आता कपड्यांचं. सफारीला लाल-भगवे कपडे घालू नका, असा सल्ला सर्रास दिला जातो. हरणांपुरता विचार केला तर लाल रंगाला उगाच बदनाम केलंय. अमेरिकेत हरणांची शिकार करणारे लोक भडक नारिंगी जॅकेट घालतात. दुसऱ्या शिकाऱ्याची गोळी लागू नये म्हणून माणसाला ते दिसावं लागतं, आणि हरणाला ते खटकत नाही. हरणाला खटकेल ती निळी जीन्स आणि पांढराशुभ्र शर्ट. त्यातही धुण्याच्या पावडरीत कपडे ‘चमकवणारं’ जे द्रव्य असतं, ते अतिनील प्रकाश शोषून निळा प्रकाश बाहेर टाकतं, म्हणजे नेमका हरणाच्या निळ्या शंकूला टोचणारा. खाकी, मातकट, फिका हिरवा हेच बरे, कारण पक्षी आणि वानरं यांनाही ते कमी खुपतात. अर्थात रोज पन्नास गाड्या बघणाऱ्या गेटजवळच्या चितळांना तुमच्या शर्टाचं काही पडलेलं नसतं. पाणवठ्याजवळच्या मचाणावर बसणार असाल तर मात्र विचार करा.

हाच हिशोब शेतावरही लावता येतो. रोही (नीलगाय) आणि रानडुकरं येऊ नयेत म्हणून विदर्भात वावराच्या कडेने जुन्या साड्या बांधतात. हाताशी येईल ती साडी, बहुतेकदा लाल, केशरी, हिरवी. रोही गाईच्या कुळातला आणि डुकराच्या डोळ्यातही दोनच शंकू. पिकाच्या हिरव्यावर लाल-केशरी साडी त्यांना रंगाने फारशी वेगळी पडणार नाही. जे काही काम होतं ते वाऱ्यावर फडफडण्यामुळे. निवड करता येत असेल तर निळी आणि पांढरी लुगडी पुढे लावावीत आणि ताणून न बांधता खालचं टोक सैल सोडावं. तरी रोही सरावतोच, त्यामुळे दर काही दिवसांनी जागा बदलावी लागेल.